मस्कतच्या आधी तीर्थपुरी

मस्कतहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं? समुद्र किती निळा आहे, उंटावर बसलात का, खजूर आणले का? मी मोबाइलमधले फोटो काढून देते आणि गप्प बसते. समुद्र निळा आहे. उंटावर मी बसले नाही. खजूर आणले होते, ते गल्लीत वाटून संपले. मस्कतचं वर्णन लिहिण्याची मला हौस नाही, कारण मस्कतनं मला दमवलं नाही. दमवलं ते त्याआधीच्या तीन दिवसांनी, जालना जिल्ह्याची हद्दसुद्धा न ओलांडता एसटीतून केलेल्या प्रवासानं. टेंभुर्णी आणि तीर्थपुरीचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. मी लिहिते आहे. गुडघे अजून दुखतात, तेव्हा बसून करण्यासारखं हेच काम आहे.

सोमवार, मस्तगड

आमची पल्लवी मस्कतला असते. तिला सातवा महिना लागला आणि जावईबापूंचा फोन आला, "आई, तुम्ही दोघं या. पण विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. आणि फॉर्म खरा भरा." त्यांच्या कचेरीतल्या कुणाचे तरी वडील असेच भेटायला आले होते. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, तर त्यांच्या पिशवीत बीपीच्या जुन्या गोळ्या निघाल्या. फॉर्मवर बीपी लिहिलेलं नव्हतं. कंपनीनं हात वर केले.

जालन्यात मस्तगडला आमच्याच गल्लीत रेखा विम्याचं काम करते. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आतल्या बाजूला कुकरची शिट्टी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण होते, म्हणून ती मला बाई म्हणते. तिनं मोबाइलवर फॉर्म उघडला आणि आधी माझाच भरायला घेतला. प्रश्न तीच वाचायची आणि उत्तरही तीच द्यायची.

"हार्टचा त्रास? न्हाई. कॅन्सर? न्हाई. किडनी? न्हाई. फिट्स, झटके? न्हाई. बाई, तुमचं तर एकदम क्लीन हे."

तिचा अंगठा थांबलाच नाही. मी मात्र फिट्सवरच अडकले.

सांगूनच टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे चाचपडायला नको. मला फिट्स येत असत. पंधराव्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पहिली आली. आमच्या तीर्थपुरीत त्याला फेफरं म्हणतात आणि फेफरं असलेल्या मुलीला सोयरीक येत नाही. वडिलांनी तिथल्याच डॉक्टरांकडून गोळी सुरू केली आणि घरात सगळ्यांना बजावलं, हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. बाविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. गोळी सासरी "डोक्याची गोळी" झाली. अर्धशिशीचा त्रास आहे एवढंच मी यांना सांगितलं आणि एकोणचाळीस वर्षं रोज त्यांच्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर ती घेत आले. आमच्याकडे नवरा बायकोच्या गोळीचं पाकीट वाचत नाही. गोळ्या यायच्या माहेराहून. आधी वडील आणायचे, नंतर भाऊ. दर भाऊबीजेला भास्करनं आणलेल्या साडीच्या घडीत सहा महिन्यांची पाकिटं असायची, अक्षय्य तृतीयेला उरलेली. साडीचा रंग कोणता हे मी नंतर बघायची.

आता काय करायचं? "नाही" तसंच राहू दिलं आणि तिकडे काही झालं, तर दवाखान्याचा भार जावयावर आणि खोटेपणाचा डाग पल्लवीवर. "होय" म्हटलं तर आधी नवऱ्याला कळणार, मग लेकीला, मग तिच्या सासरी. आणि ज्या बाईला फिट येऊ शकते तिच्या हातात ओलं बाळ कोण देईल? मी बाळंतपण करायला चालले होते. मला त्या बाळाला न्हाऊ घालायचं होतं. शिवाय जावयांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं, की झोप आणणाऱ्या कुठल्याही गोळ्या आणायच्या तर डॉक्टरांची चिठ्ठी स्वतःच्या नावाची लागते. माझी गोळी त्याच जातीची. चिठ्ठी मी जन्मात पाहिली नव्हती.

मी रेखाला म्हणाले, "माझा फॉर्म राहू दे. यांचा घे आधी."

"काका, बीपी आहे?"

"न्हाई," आमचे हे म्हणाले. "गोळी चालू आहे ना."

"म्हंजे आहे."

"आहे कुठं? परवाच मोजला. बराबर होता."

"गोळीमुळं बराबर हे काका."

"तेच सांगून राह्यलो ना मी. गोळी घेतो, म्हणून न्हाई. ज्याला असतं त्यानं लिहावं."

हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुद्दा सोडत नाहीत. शुगरचंही तेच झालं. गोड सोडलं तेव्हाच शुगर गेली, असं यांचं म्हणणं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचं हेच म्हणणं असतं. आजार म्हणजे जो खाटेवर पाडतो तो, बाकी नुसत्या गोळ्या. शेवटी रेखा दमली आणि म्हणाली, साठीच्या पुढच्या माणसाला कंपनी जुने कागद मागते. पहिल्यांदा कधी निघालं, कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, ते घेऊन या. यांचे जुने कागद टेंभुर्णीला, यांच्या गावी, थोरल्या भावाच्या घरी. मी म्हटलं, जाऊन येऊ. आणि परदेशी जायच्या आधी माहेरीही जाऊन यायला हवं. तसं जातातच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

मंगळवार, टेंभुर्णी

जालन्याहून राजूरपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. दोघंही अर्ध्या तिकिटाची माणसं, आणि अर्ध्या तिकिटाची माणसं बसमध्ये इतकी झाली आहेत की जागा देणारं कुणी उरलेलं नाही. राजूरला देवळाचे लोक उतरले तेव्हा टेकायला मिळालं. फाल्गुन संपत आला होता. हरभरा निघून गेलेला, गव्हाची रानं पिवळी, आणि कुठं कुठं मोकळ्या जागेत पसरून वाळवायला घातलेली मिरची. रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूनं खोदून ठेवलेलं, दुसऱ्या बाजूनं धूळ. टेंभुर्णीला उतरलो तेव्हा यांच्या टोपीचा आणि मिशीचा रंग एकच झाला होता.

थोरल्या जाऊबाई, कौसल्याआक्का, सत्तरीच्या आहेत. त्यांनी आधी पाणी दिलं, मग धपाटे, दही आणि ठेचा. ठेचा इतका जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जालन्यात राहून माझी जीभ मऊ झाली असं आक्का दर वेळी म्हणतात, तसं याही वेळी म्हणाल्या. हे भावाबरोबर शेतात गेले आणि आम्ही दोघी पत्र्याची पेटी उघडून बसलो. सात-बाराचे उतारे, लग्नपत्रिका, कुणाच्या तरी दहावीचं प्रमाणपत्र, आणि खाली यांचे कागद. बीपीची पहिली चिठ्ठी सापडली. शुगरचीही सापडली. मी उठणार होते, तेवढ्यात आक्कांनी एक नवी निळी फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"अन् ही घ्या, मागच्या सालची. छातीत कळ आल्ती त्या टायमाची."

"कुणाच्या छातीत?"

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. "तुमाला सांगतो म्हणले होते भाऊजी," त्या म्हणाल्या. "सोयाबीनच्या टायमाला आल्ते ना, तवा. जीपात घालून जालन्याला नेलं, दोन दिवस ठिवलं. मी म्हणलं, बायकोला कळवा. तर म्हणले, ती घोर करून घिते, मीच सांगतो."

मला सगळं आठवलं. सोयाबीन काढायला म्हणून गेले होते आणि दोन दिवस उशिरा आले होते. मळणीयंत्र बिघडलं, असं सांगितलं होतं. जालन्यात, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हा माणूस नळ्या लावून पडला होता आणि मी घरी मळणीयंत्रवाल्याला शिव्या देत होते. मला भयंकर राग आला. दुसऱ्या कुठल्याही बाईनं त्या संध्याकाळी नवऱ्याला धारेवर धरलं असतं. मला ते करता येईना. तोंड उघडलं की माझंच बाहेर येईल अशी भीती वाटली. परतीच्या बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून झोपले. मी त्यांची छाती वरखाली होताना बघत जालन्यापर्यंत आले आणि फाइल माझ्या पिशवीत साडीखाली घालून ठेवली.

बुधवार, तीर्थपुरी

सलग दुसऱ्या दिवशी एसटी म्हणजे आमच्या वयाला शिक्षाच. अंबडपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मोसंबीच्या बागा लागतात, मग ऊस, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाणारी आमची बस. टेंभुर्णीकडची माणसं कोरडी आणि थोडक्यात बोलणारी, तीर्थपुरीकडची गंगथडीची, म्हणजे गोदाकाठच्या पाण्याची. जेवायला वाढलं की थांबत नाहीत. भावजयीनं येसरची आमटी आणि भाकरी केली होती. हे तीन भाकरी जेवले आणि ओसरीवर आडवे झाले. तेवढ्यात भास्कर मला म्हणाला, "आक्का, चल, गोळ्या घेऊन येऊ. तीन महिन्यांच्या लागतील ना?" त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी डॉक्टरांकडे निघाले. भास्कर माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. वडील गेल्यापासून माझ्या गोळीची काळजी तोच करतो.

वाटेत मी त्याला सांगितलं की या खेपेला चिठ्ठी माझ्या नावाची हवी. आणि विम्याच्या फॉर्मवर मी खरं लिहिणार आहे.

त्यानं गाडी बाजूला घेतली. कापूस खरेदीच्या बंद गाळ्यापुढे सावली होती, तिथं आम्ही उभे राहिलो.

"आक्का, डोकं फिरलं का तुझं?"

"तिकडे विमानतळावर दाखवावी लागते चिठ्ठी."

"माझ्या नावाची हे ना. तीच ने."

मला कळेना. "तुझ्या नावाची म्हणजे?"

मग त्यानं खिशातून पाकिटात घडी करून ठेवलेली चिठ्ठी काढली. वर त्याचं नाव, त्याचं वय, आणि खाली माझी गोळी. वडील होते तोवर वडिलांच्या नावानं यायची, ते गेल्यावर याच्या नावानं. माझं नाव कुठल्याच कागदावर कधी आलं नव्हतं. शेहेचाळीस वर्षं कागदावर फेफरं माझ्या वडिलांना आणि भावाला होतं. मला नव्हतंच.

"तुझं नाव येऊ नये म्हणून बाबांनी सोताचं घातलं, मंग म्या घातलं," भास्कर म्हणाला. "दुकानदार मला काय समजतो म्हाइत हे? दोनदा तर त्यानं मला गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. म्या हाव म्हणलं. अन् आता तू सोताच लिहून द्यायला निघाली?"

मी ती चिठ्ठी घडी करून त्याला परत दिली. तो पुढे हळू आवाजात म्हणाला, "सोनीचं जमून राह्यलं आक्का. जाफराबादचं स्थळ हे, पोरगं शिकलेलं. त्यांनी इच्यारलं, घरात काई हे का? म्या न्हाई म्हणलं. तुझं बाहेर आलं तर मंग आत्याला हे म्हंजे पोरीलाबी असंल, असंच म्हणतील. बिलकुल मोडतील."

सोनी माझी लाडकी भाची. भास्करचं चुकत नव्हतं, लोक तसंच म्हणतात. रागावावं तर कुणावर? या माणसानं माझा आजार स्वतःच्या खिशात घालून अर्धं आयुष्य काढलं होतं. मी त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "भास्कर, मला नुसतं डॉक्टरांपर्यंत ने. पुढचं मी बघते." तो रडवेला झाला होता. नेलं मात्र त्यानं.

डॉक्टर आता पंच्याऐंशीचे आहेत, दुपारचे दोन तास बसतात. भास्करनं सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू. प्रार्थनेच्या रांगेतली."

"हो."

"शेवटचा झटका?"

"पल्लवी, माझी मुलगी, दोन वर्षांची होती तेव्हा. एकोणतीस वर्षं झाली."

"त्यानंतर एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी माझे डोळे बॅटरीनं पाहिले, हात पुढे करून बोटं नाकाला लावायला सांगितली, सरळ रेषेत चालायला लावलं. मग ते खुर्चीत बसले.

"पेशंट माझ्यासमोर आला असता," ते म्हणाले, "तर वीस वर्षांपूर्वीच मी ही गोळी हळूहळू कमी करून पाहिली असती. कदाचित लागलीही नसती. पण मला पेशंट दिसलाच नाही. दर सहा महिन्यांनी तुझा भाऊ यायचा आणि सगळं ठीक आहे म्हणायचा. मीही लिहून देत गेलो. चूक माझीही आहे."

भास्करनं मान खाली घातली. आता प्रवासाच्या तोंडावर गोळी मुळीच बंद करायची नाही, परत आल्यावर मोठ्या डॉक्टरांना दाखवून मग बघू, असं त्यांनी बजावलं. कागदावर त्यांनी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. खाली आजाराचं नाव, वय वर्षे पंधरापासून. मी ती चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. वीस वर्षं नको असलेली गोळी गिळली, ह्याचं रडू यावं की आपल्या नावाचा कागद मिळाला ह्याचं, ते मला ठरवता येईना. आलं मात्र.

अंबडच्या अलीकडे

परतताना बसचं टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास. एसटीच्या अर्ध्या तासाचा अनुभव सगळ्यांना असतो, म्हणून माणसं उतरून सावल्या शोधायला लागली. रस्त्याच्या कडेला मोसंबीची बाग होती. बागवाल्यानं सगळ्यांना पाणी दिलं आणि आम्हा म्हाताऱ्यांना एकेक मोसंबी दिली. आम्ही दोघं कडुलिंबाखाली बसलो. हे नखानं साल काढत होते. मी पिशवीतून आधी निळी फाइल काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

साल काढणं थांबलं. "कोणी दिली?"

"आक्कांनी."

"तुला घोर नको म्हणून न्हाई सांगितलं."

मी डॉक्टरांची चिठ्ठी फाइलीवर ठेवली. यांनी चष्मा लावला, वाचली. पुन्हा वाचली. मी सांगायला सुरुवात केली आणि थांबले ती सगळं संपल्यावरच. शाळेची प्रार्थना, वडिलांचं बजावणं, साडीची घडी, भास्करचं नाव, सगळं. माझा आवाज शाळेत हजेरी घेतानाच्या आवाजासारखा सपाट निघत होता. इतकी दमले होते की लाज वाटायलाही अंगात जोर नव्हता.

"म्हंजे तुझ्या बापानं आम्हाला फसवलं," हे म्हणाले.

"हो."

"अन् तू?"

"मी पण. तुम्ही मळणीयंत्र बिघडलं म्हणालात, तसंच समजा."

"तसं न्हाई ते." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "मी एक साल लपवलं. तू एकोणचाळीस."

ते बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, "पल्लवीच्या टायमाला गोळी चालू होती?"

"होती. थोरल्या मुलाच्या वेळी माहेरी होते, डॉक्टर होते जवळ. पल्लवीच्या वेळी जालन्यात. दवाखान्यात विचारलं, काही आजार आहे का, तर तुमच्या आई मागून म्हणाल्या, काही नाही, ठणठणीत आहे. मी मान हलवली. मग नऊ महिने रोज गोळी घेताना वाटायचं, बाळाला काही व्यंग येईल. बंद केली तर झटका येईल. कुणाला विचारणार? ती झाल्यावर मी आधी ओठ पाहिले, मग टाळू, मग बोटं मोजली."

"तू लई रडली होती तेव्हा," हे म्हणाले. "दवाखान्यातल्या बाया म्हणून राह्यल्या होत्या, पोरगी झाली म्हणून रडती. मी भांडलो होतो त्यांच्याशी."

"बाळ धड होतं म्हणून रडत होते."

यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. मग एकदम उठून बसकडे गेले. तिथं ड्रायव्हर आणि दोन माणसं टायर चढवत होती. छातीत कळ येऊन गेलेला माणूस, तो वाकून त्यांना पाना देत राहिला. मी इथून ओरडले, "अहो, वाकू नका." त्यांनी वळून पाहिलं आणि बाजूला उभे राहिले. जालना येईपर्यंत आम्ही बोललो नाही. उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली.

पुन्हा मस्तगड

शुक्रवारी रेखाकडे दोघांनी दोन्ही फॉर्म भरले. या वेळी प्रश्न तिनं वाचले आणि उत्तरं आम्ही दिली. छातीची कळ, बीपी, शुगर; यांनी सगळीकडे होय सांगितलं, जरा घुश्शातच. माझ्या फॉर्मवर "फिट्स" आलं तेव्हा मी होय म्हणाले. रेखाचा अंगठा हवेत राहिला. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. यांचा विमा काही अटींवर मंजूर. माझाही मंजूर, पण फिट्स आणि त्यापासून होणारा कोणताही खर्च सोडून.

"बघा बाई," रेखा हळहळली. "सांगून काय भेटलं? त्याचंच तर कव्हर न्हाई."

मी कागद घडी करून पिशवीत घातला. भास्करशी बोलणं झालं नव्हतं आणि सोनीचं काय होणार ते माहीत नव्हतं. आज इतके महिने झाले तरी तो तुटक बोलतो. मी त्याला सांगून ठेवलं आहे, की पाहुण्यांनी मला विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. त्यावर त्यानं फोन ठेवला होता.

पल्लवीला सांगायचं उरलं होतं. संध्याकाळी यांनीच फोन लावून माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिले. मी सांगितलं. आधीच ठरवून टाकलं होतं, की बाळाला हात लावू नको म्हणाली तर वाईट वाटून घ्यायचं नाही. स्वयंपाक करू, कपडे धुऊ, लांबून बघू. हेही मी तिला सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, इथे दर तपासणीला विचारतात. घरात कुणाला काही आहे का, आईला, मावशीला, फिट्स वगैरे? मी दर वेळी नाही म्हणते. सात महिने नाही म्हणतेय."

"माझ्यामुळे."

"थांब, वही घेते. उद्याच तपासणी आहे. पहिली कधी आली?"

"पंधराव्या वर्षी."

"गोळी कोणती?" मी सांगितली. ती लिहीत होती, कागदाचा आवाज येत होता. "शेवटची?"

"तू दोन वर्षांची होतीस. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात. घरात तू आणि मी दोघीच."

तिचं लिहिणं थांबलं. "मग मी काय केलं?"

"माहीत नाही गं. मला शुद्ध आली तेव्हा तू माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपली होतीस."

फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. यांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं, असं खुणेनं विचारलं. मी मान हलवली, मला काहीच कळत नव्हतं.

"आई," पल्लवी म्हणाली, "तिकीट अलीकडच्या तारखेचं करता येतंय का बघ ना."